हिवराखालची माती

मोठी माय, म्हणजे माझी थोरली चुलती, शेवटची कित्येक वर्षं माळावर एकटीच राहिली. वस्तीतली बाकीची घरं उठून गेली, कुडं पडली, छपरांवरचे पत्रे ज्याचे त्यानं काढून नेले, तरी ही तिथंच. शेजारच्या गावातले लोक म्हणायचे, म्हातारीचं डोकं फिरलं. माझी बायको म्हणायची, त्यांना माणसांची सवय नाही राहिली. माझी माय काही म्हणायची नाही. मोठी माय तिथं काहून राहिली हे मला ठाऊक होतं, आणि मी ते आजवर कुणाला सांगितलं नाही. मी तसाही कमी बोलणारा. हिंगोलीत माझं पाण्याच्या मोटारी भरायचं दुकान आहे. गिऱ्हाइकाची मोटार जळाली की मी तांब्याची जुनी तार उकलतो आणि नवी भरतो. दिवसभरात मोजकं बोलावं लागतं, आणि तेवढंच मला जमतं.

आम्ही झारेकरी. नव्या लोकांना हे सांगावं लागतं. सोनार कानस चालवतो तेव्हा डोळ्याला न दिसणारा कीस उडतो. तो चटईत बसतो, पायपुसण्यात जातो, केराबरोबर झाडला जातो, हात धुतलेल्या पाण्यातून दुकानापुढच्या नालीत उतरतो. ती धूळ आणि तो गाळ आम्ही आणायचो. आधी जाळायचा, मग कुटायचा, मग लाकडाच्या काठवटीत पाण्यावर हलवून हलवून धुवायचा. हलकं ते वाहून जातं, जड ते तळाशी राहतं. त्यात पारा फिरवायचा, म्हणजे पारा सोन्याला धरतो. ती गोळी फडक्यातून पिळून खापरावर तापवली की पारा उडतो आणि मागं राहतं ते सोनं. मग ते पुन्हा त्याच सराफ्यात नेऊन विकायचं. घरातून जन्मभर सोनं जात राहिलं आणि आमच्या बायांच्या कानात पितळेच्या बुगड्या.

आधी आमच्या लोकांना घर नव्हतं. एका गावाच्या मागं पालं टाकायची, तिथला सराफा धुऊन झाला की दुसरं गाव. नव्वदीच्या सुरुवातीला माझ्या मोठ्या बापानं, म्हणजे माझ्या वडलांच्या थोरल्या भावानं, ठरवलं की आता बसायचं. सेनगावच्या वाटेवर, रस्त्यापासून आत, एक गायरान माळ होता. नुसता मुरूम. एक हिवराचं झाड आणि त्याच्या मागं ओढा, त्यात उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पाणी टिकायचं. जवळचं गाव इतकं लांब की तिथला कोंबडा ऐकू यायचा नाही. पाच-सहा घरं बसली. हिंगोली तेव्हा जिल्हा झालेली नव्हती. कुठलाही कागद करायचा म्हटलं की परभणी. मोठ्या बापाला कागदाचं भारी वेड होतं. म्हणायचा, माणसाला पत्ता पाहिजे, पत्ता नसला तर मेलेलं कळवायचं कुणाला.

धुळीची पोती आम्ही एसटीच्या टपावर टाकून आणायचो. कंडक्टर एकदा मोठ्या बापाला म्हणाला, "काय हाय पोत्यात?"

"माती."

"माती? माळावर मातीच न्हाई का तुमच्या?"

"न्हाई ना साहेब. नुसता मुरूम हाय. म्हणून तं इकतची आणून राहिलो."

सगळी गाडी हसली. पण खरंच होतं ते. त्या माळावर भाजीचा वाफा लावायचा म्हटला तरी आम्ही आधी धुऊन टाकलेली सराफ्याची मातीच वापरायचो. मायनं त्यात लावलेली मेथी एकदा आली, तर मोठा बाप ती ताटात उलटीसुलटी करून बघायचा, कुठं चमकते का.

या मातीपायी एकदा गंमतही झाली. गावात बातमी उठली की माळावर सोनं निघतं, झारेकरी गुपचूप धुऊन नेतात. एका उन्हाळ्यात लोक कुदळी-फावडी घेऊन आले. बरोबर लिंबू कापणारा एक जाणता होता. त्यानं हिवरापासून थोडं अंतर मोजलं आणि खोदायला सांगितलं. माझे वडील अडवायला निघाले, तर मोठ्या बापानं त्यांना खाली बसवलं. म्हणाला, खोदू दे, पाणी लागलं तर आपलंच हाय. लोकांनी दोन दिवस घाम गाळला. पाणी लागलं नाही, पण भला मोठा खड्डा झाला, आणि पुढच्या पावसाळ्यात तो भरला तेव्हा आमचं धुण्याचं काम उन्हाळ्यातही चाललं. गावातली माणसं जाता-येता त्या खड्ड्याकडं बघायची आणि मान वळवायची.

एरवी त्या माळावर करमण्यासारखं काही नव्हतं. वारा इतका की बोललेलं शेजारच्या घरापर्यंत पोचायचं नाही. मी गावातल्या शाळेत चालत जायचो. पोरं मला मातीधुव्या म्हणायची. मास्तर म्हणायचे नाहीत, पण हसायचे. संध्याकाळची एसटी आमच्या फाट्यावर कधी थांबायची, कधी नाही. थांबली नाही तर बाजाराला गेलेली माणसं पुढच्या थांब्यावरून चालत यायची. मोठी माय घरापुढं उभी राहून रस्त्याकडं बघत राहायची आणि गाडी तशीच पुढं गेली की आत येऊन भाकरी झाकून ठेवायची. तिला लेकरू नव्हतं. मी तिचाच होतो म्हणा. तिच्या हाताला बसून मी काठवट हलवायला शिकलो, आणि तिनं शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे बोटात आलेला दाणा सोडायचा नाही. शिंक येवो, माशी बसो, कुणी हाक मारो, आधी दाणा डबीत, मग बाकीचं.

पहिली गेली माझी धाकटी बहीण. चालायला लागली होती. हगवण लागली, पाणी तोंडात ठरेना. सकाळी जीप बघायला गेलेले वडील दुपारी जीप घेऊन आले तेव्हा माय तिला मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हती. लहान लेकराला जाळत नाहीत. ओढ्याच्या पलीकडं मोठ्या बापानं खड्डा घेतला आणि कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर एक धोंडा लोटून ठेवला. इतका मोठा धोंडा त्यानं एकट्यानं कसा लोटला, हे मला अजून कळत नाही.

मग वडील गेले. कावीळ. कुणीतरी गळ्यात मुळी बांधली, कुणीतरी नाकात औषध घातलं. सेनगावला न्यायचं ठरलं त्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडलेच नाहीत. गावात मसणवट्यासाठी विचारायला मोठा बाप गेला. भांडण काही झालं नाही, त्यांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, तुमी तुमची जागा बघा. तो परत येऊन हिवराखाली बसला, थोडा वेळ मुरमावर काडीनं रेघा ओढल्या, आणि म्हणाला की इथंच रचा. लाकडं लावताना तो दुसऱ्या कुणाला नाही, मलाच म्हणाला, "आता इथून कोणी उठवत न्हाई आपल्याला."

आमच्यात मेलेल्याच्या जिभेखाली सोनं ठेवतात. बऱ्याच लोकांत ठेवतात. कुणी तुळशीच्या पानाबरोबर, कुणी पाण्याबरोबर. आमच्यात ते ठेवल्याशिवाय उचलतच नाहीत. जन्मभर दुसऱ्याचं सोनं धुतलं, जाताना तोंड रिकामं नको, असं जुनी माणसं सांगायची. रिकाम्या तोंडाचा माणूस सराफ्याच्या नालीतच फिरत राहतो म्हणे. ते सोनं वस्तीतल्या थोरल्या बाईनं द्यायचं आणि अग्नी देणाऱ्यानं ठेवायचं. मोठ्या मायनं पदराची गाठ सोडून माझ्या तळहातावर दाणा ठेवला. ज्वारीएवढा, एका बाजूनं चपटा. मोठ्या बापानं माझं मनगट धरलं आणि दोघांनी मिळून तो वडलांच्या जिभेखाली सरकवला.

वस्तीतल्या बाप्यांचा समज असा की मोठ्या मायकडं असे दाणे मडकंभर आहेत. सासूकडून आलेले, कुठं पुरून ठेवलेले. मोठा बाप पोरांना दम द्यायचा, "मोठ्या मायसंगं गोड बोलत जा रे, न्हाईतं मरताना तोंडात खडा घालील." ती ऐकून पदर तोंडाला लावून हसायची. कधी नाही म्हणाली नाही, कधी हो म्हणाली नाही. दुसरी एक गोष्ट बाप्ये अगदी ठासून सांगायचे. आपण दुनियेची माती धुतो, पण आपल्या माणसाची राख आपण धूत नाही. तिसऱ्या दिवशी बाप्यांनी हाडं सावडायची, ती घेऊन कयाधू नदीवर जायचं, आणि मागं राहिलेली राख बायांनी सारवून सारखी करायची. सारखी करायची, एवढंच आम्हाला ठाऊक.

वस्तीतली एक म्हातारी गेली, तेव्हाही असंच झालं. मग मोठा बाप आजारी पडला.

आजारी म्हणजे अंथरुणाला खिळला असं नाही. त्याचे हात हलायला लागले. हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले, तोंडातून लाळ यायची. सगळ्या माळाला हसवणारा माणूस माणसांपुढं यायला लाजू लागला, क्षुल्लक गोष्टीवरून लेकरासारखा रडायचा. आम्ही देवाचं केलं, उताराही टाकला. पाऱ्याच्या धुराचं हे काम असतं ते मला फार पुढं एका डॉक्टरांनी सांगितलं, दुकानात मोटार घेऊन आले होते तेव्हा. मोठा बाप घरातच, दार लोटून, खापरावर पारा उडवायचा, वाऱ्यानं सोन्याचा कण उडू नये म्हणून. आम्ही लेकरं तिथंच बाजूला झोपायचो. मी वाचलो ते केवळ लवकर बाहेर पडलो म्हणून, असं ते डॉक्टर म्हणाले. मी त्यांच्याकडून मजुरी घेतली नाही.

मोठा बाप उन्हाळ्यात गेला. मी तेव्हा अठराच्या आसपास. हिंगोलीतल्या एका दुकानात मोटारी भरायचं काम शिकायला बोलावलं होतं, आणि मी कधी एकदा माळ सोडतो असं झालेलं. अग्नी मीच द्यायचा होता. मोठी माय रडत नव्हती. तिनं गाठ सोडली, दाणा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "जिभेखाली ठेव. पडू देऊ नको."

या वेळी मनगट धरायला कुणी नव्हतं. जबडा ताठला होता. मी दोन बोटं आत घातली, जीभ लागली, थंड. आणि बोटं बाहेर आली ती दाण्यासकट. मूठ मिटली. मी कडेला उभा राहिलो, कुणीतरी तोंडावर फडकं टाकलं, आणि पुढचं सगळं जसं व्हायचं तसं झालं.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ती सवय होती. बोटात आलेला दाणा सोडायचा नाही हे तिनंच शिकवलं, आणि हात शिकल्याप्रमाणं वागला. ते खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही. बोटं बाहेर आली तेव्हा परत घालायला वेळ होता. कुणी घाई करत नव्हतं. त्या घडीला मला वाटलं, मेलेल्या माणसाला याचं काय. हिच्याकडं मडकंभर आहेत. राख कुणी धुणार नाही, कुणाला कळणार नाही. हे सगळं मी विचार करून केलं. दाणा एका बाजूनं चपटा आहे हेही बोटाला कळलं होतं. मला वाटलं, तिचे सगळे दाणे तसेच असतील.

तिसऱ्या दिवशी आम्ही हाडं घेऊन कयाधूवर गेलो. परत आलो तर मोठी माय हिवराखाली बसलेली. त्या दिवशी तिनं काही खाल्लं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. सगळे म्हणाले, नवरा गेला, दुःख आहे. पुढच्या आठवड्यात मी हिंगोलीला निघून गेलो.

दाणा विकायची हिंमत झाली नाही. सराफ्यातला प्रत्येक सोनार आम्हाला ओळखत होता, आणि तो हातात घेऊन कुणी विचारलं असतं तर माझं तोंडच सांगून गेलं असतं. टाकून द्यायचीही झाली नाही. पाकिटाच्या चिल्लरीच्या कप्प्यात तो पडून राहिला. पाकिटं बदलली, दाणा तोच.

सणासुदीला माळावर जायचो तेव्हा बघायचो, मोठी माय हिवराच्या बुंध्याशी उकरत असायची. घमेलंभर माती काढायची, ओढ्यावर न्यायची, काठवटीत धुवायची, रिकामी करायची, परत यायची. हळूहळू हिवराभोवती खड्डेच खड्डे झाले. मला वाटलं, कामाची सवय, रिकामं बसवत नसेल. तोवर सराफ्यातलं आमचं कामही संपत आलं होतं. हिंगोली जिल्हा झाली, सोनारांनी फरश्या बसवल्या, दुकानांना काचा आल्या, दागिने बाहेरून तयार यायला लागले, आणि जी धूळ निघे ती बाहेरगावचे मोठे व्यापारी पोत्यांनी उचलायचे. वस्तीतली घरं एकेक करून वीटभट्टीवर, कंपनीत, कुठं कुठं गेली. माझी माय माझ्याकडं राहायला आली. मोठ्या मायला मी म्हणालो, तू पण चल. ती नको म्हणाली.

एकदा दुपारी माय दारात बसून तुरीची डाळ निवडत होती. मी सहज म्हणालो की मोठी माय त्या मातीत काय शोधते कोण जाणे. माय डाळीतून बोट न काढता म्हणाली, "दाणा."

"कोणता दाणा?"

"तोंडातला. तिच्यापाशी एकच होता रे."

मी म्हणालो, "आपल्या माणसाची राख आपण धूत न्हाई, असंच म्हणायचे ना सगळे?"

"बाप्ये म्हणायचे. आमी काहून म्हणू?" मग तिनं सगळं सांगितलं, कालवणाचं सांगावं तसं. तो दाणा मोठ्या मायच्या सासूचा. वस्तीत माणूस गेलं की तोच तोंडात जायचा. बाप्ये नदीवर गेले की बाया राख धुवायच्या आणि तो काढून ठेवायच्या, पुढच्याला. दर वेळी नवं सोनं कुठून आणायचं? बाप्यांना सांगितलं तर लाजतील, म्हणून सांगायचं नाही. माझ्या वडलांच्या तोंडातला तोच. त्या म्हातारीच्या तोंडातला तोच. "अन् आपल्याच माणसाच्या राखेत तिला तो गावला न्हाई. म्हणती, माझा हात गेला. आख्ख्या सराफ्याची धूळ धुतली अन् घरचा दाणा घालवला."

त्या वेळी माझं पाकीट खुंटीवरच्या शर्टात होतं. मी उठून पाणी प्यायलो आणि दुकानात गेलो.

तुम्ही म्हणाल, त्याच दिवशी माळावर जाऊन तिच्या हातात का नाही दिला. गेलो. दिला नाही. आधी म्हणून बघितलं की मी नवा दाणा करून आणतो, तू चल. ती म्हणाली, नवा सोनाराचा झाला, हा आपल्या माणसांचा होता, ह्यानं तुझ्या बापाचं तोंड बघितलं. आणि मग, आपल्याशीच बोलल्यासारखं, म्हणाली, "माझा हात गेला तं गेला. ते तं भरल्या तोंडानं गेले. तेवढं बरं झालं."

दाणा दिला असता तर तिचा हात परत आला असता, पण मोठा बाप नालीत फिरायला लागला असता. मी परत आलो. अशी किती तरी वर्षं गेली. माझं लग्न झालं, दुकान झालं, लेकरं झाली. ती माळावर माती धूत होती. महिन्या-दोन महिन्यांनी मी पीठ-मीठ, रॉकेल घेऊन जायचो. फाट्यावर उतरलं की लांबून एक ठिपका दिसायचा, हिवरापासून ओढ्याकडं जाणारा, ओढ्यापासून हिवराकडं येणारा. त्या सगळ्या माळावर हलणारं तेवढंच. मला पाहून ती घमेलं खाली ठेवायची नाही. आधी काम.

शेवटी मला एक युक्ती सुचली, आणि ती सुचल्यावर मला बरंही वाटलं, म्हणजे मी अजूनही तोच होतो. थंडीचे दिवस होते. मी म्हणालो, आज तू ओढ्यावर बस, माती मी आणून देतो. हिवराखालची माती घमेल्यात भरली, दाणा त्यात दाबला, आणि तिच्यापुढं ओतली. एव्हाना तिला नीट दिसेनासं झालं होतं. ती हातानंच धुवायची. काठवट फिरत होती, गढूळ पाणी कडेनं सांडत होतं, मी समोरच्या दगडावर बसून माझ्या बुटाकडं बघत होतो. मग काठवटीचा आवाज थांबला.

तिनं तळातून दाणा उचलला. दोन बोटांत फिरवला. चपट्या बाजूवरून अंगठा नेला. मला वाटलं आता रडेल, हसेल, काही तरी. तिनं तो तोंडात टाकला आणि जिभेवर घोळवत राहिली, बराच वेळ. मग तळहातावर काढून म्हणाली, "लई गुळगुळीत झालाय."

मी बुटाची माती दगडावर खरडली.

"मातीतला असा नसतो. जळालेला असा नसतो. हा खिशात हिंडलाय."

तिनं तो पदराला पुसून गाठीत बांधला, काठवट उपडी घातली आणि म्हणाली की भाकर खाऊन घे. आम्ही घरी आलो. तिनं पिठलं केलं. मी खाल्लं, दुसरं काय करणार. जेवून झाल्यावर, माझं ताट उचलताना, माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "मंजे ते तसेच गेले."

मी म्हणालो, "व्हय."

तिनं बाहेर जाऊन ताट राखेनं घासलं, धुतलं, पालथं घातलं. वारा होता. ती परत आत आली नाही. गाडीची वेळ झाली म्हणून मी निघालो, तेव्हा ती हिवराखाली एक एक खड्डा पायानं बुजवत होती. मी म्हणालो, चल आता माझ्यासंगं, आता काय राहिलं इथं. ती म्हणाली, ते इथं एकटे फिरत असतील तं मी कुठं जाऊ. हे ती रागानं म्हणाली नाही. आज बाजार आहे असं सांगावं तसं म्हणाली.

मी वळलो तेव्हा तिनं हाक मारली. "माझ्या येळंला दाणा तूच टाक. अन् राख पण तूच धू."

"बाप्ये धूत न्हाईत," मी म्हणालो. "माय करील ना."

"तूच. दुसऱ्या कुणाचाही हात चालंल मला, इस्वास हाय. तुझ्याच हाताचा न्हाई. म्हणून तूच. धुतल्यावर कळंल तुला, टाकला का न्हाई ते."

त्यानंतरही ती काही वर्षं जगली. मी जात राहिलो. तिनं माती धुणं बंद केलं होतं. आम्ही दोघं घरापुढं बसायचो, ती रस्त्याकडं तोंड करून. मायला तिनं काही सांगितलं का, मला ठाऊक नाही. मायनं मला एवढंच विचारलं, "गावला?" मी म्हणालो, गावला. ती म्हणाली, बरं झालं.

मोठी माय गेली ती पावसाळा सरताना. रॉकेल घेऊन गेलो तर दार उघडं आणि ती आत, कुशीवर. वीटभट्टीवरचे दोघं-चौघं नातलग आले, माय आली. मायनं पदराची गाठ सोडून दाणा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. ती माझ्या हाताकडं बघत राहिली. मी तो मोठ्या मायच्या जिभेखाली ठेवला, बोटं बाहेर काढली, आणि सगळ्यांदेखत हात उघडून मांडीवर उताणा ठेवला. कुणाला त्याचा अर्थ कळला नसेल. हिवराखालीच जाळलं. जमीन सारखी करून ठेवली होती तिनंच.

तिसऱ्या दिवशी हाडं सावडली. मी म्हणालो, तुमी कयाधूवर व्हा, मी मागं राहतो. पोरांनी एकमेकांकडं बघितलं, पण मी त्यांच्यात थोरला, कुणी विचारलं नाही. तिची काठवट घरातच होती. राख आणि खालची माती घमेल्यात भरून ओढ्यावर नेली आणि धुवायला बसलो. लहानपणी शिकलेलं हात विसरला होता. काठवट जास्त कलायची, पाणी भसकन जायचं, मग मी घाबरून खाली सांडलेलं पुन्हा गोळा करून पुन्हा धुवायचो. मी दाणा ठेवला होता. मला आठवत होतं. जिभेचा स्पर्श आठवत होता, रिकामा हात आठवत होता. तरी जसजशी राख संपत आली तसतसं मला वाटायला लागलं, की मागच्या वेळी पण मला असंच सगळं आठवत होतं, फक्त शेवटचं सोडून. मी शर्टाचे खिसे तपासले. पाकीट उघडून चिल्लरीचा कप्पा बघितला. तिथं ओढ्यावर, एकटा, चाळिशीकडं झुकलेला माणूस, आपलेच खिसे तपासत बसलो होतो. तेव्हा मला कळलं, तिनं हे काम मलाच का सांगितलं.

ऊन कलल्यावर तो काठवटीच्या तळाला लागला. काळपट, खरखरीत, एका बाजूनं चपटा. मी बोटात धरला आणि डबीत टाकेपर्यंत श्वास सोडला नाही.

काठवट मी हिंगोलीला घरी आणली. माय दारात बसली होती. मी दाणा तिच्या हातावर ठेवला. तिनं तो तोंडात टाकला, जिभेवर घोळवला, जसा मोठ्या मायनं घोळवला होता तसाच, आणि तळहातावर काढला.

"जळालेला हाय," ती म्हणाली. मग पदराच्या गाठीत बांधून तिनं सूप पुढं ओढलं आणि डाळ निवडायला लागली.